अंबादासअप्पांनी पाहिलेला दुसरा जासूस

अंबादासअप्पांनी कुठल्याही गोष्टीला चांगली किंवा वाईट म्हटल्याचं मी कधी ऐकलं नाही. ते मापानं बोलायचे. सगळ्यांत मोठं माप पायली, मग अधोली, मग मापटं, आणि सगळ्यांत लहान चिपटं. जालन्याच्या मोंढ्यात धान्य मोजण्यात त्यांचा जन्म गेला होता. घरी आल्यावर हातातली पायली सुटायची, पण तोंडातली सुटायची नाही. गल्लीत लग्न झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या ओट्यावरून निकाल यायचा, "वाजंत्री पायलीभर, वरण चिपटंभर." कुणी कीर्तनकार येऊन गेला तर, "आवाज अधोलीभर, ग्यान मापटंभर." माझ्यासाठी मुलगी बघायला ते आमच्याबरोबर राजूरला आले होते. परतताना बैलगाडीत मी मोठ्या आशेनं विचारलं, "अप्पा, कशी वाटली?" अप्पा म्हणाले, "मुनीमजी, पोरगी पुरी पायली हाय. तुमचं मापटं भरंल का न्हाई, तेवढं बघा."

ती मुलगी पुढं माझी बायको झाली. अप्पांचं ते वाक्य तिला कुणी सांगितलं देव जाणे, पण आजही भांडण झालं की ती नुसतं मापटं दाखवते.

आता पायली काठोकाठ भरली की तिच्यावर धान्याचं जे टोक उभं राहतं, त्याला म्हणायचं शीग. मोंढ्यात निम्मी भांडणं या शिगेवरून. शेतकरी म्हणणार हात फिरवून माप सपाट कर, व्यापारी म्हणणार राहू दे की. त्या भांडणांत केस पांढरे केल्यामुळे असेल, पण अप्पांनी आपल्या निकालात शीग म्हणून कधी कुणाला दिली नव्हती. राजूरच्या गणपतीच्या प्रसादालासुद्धा ते "पायलीभर" म्हणून थांबले होते. मी जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानावर मुनीम, घर त्यांच्या समोरच. त्यामुळे हे निकाल मला सगळ्यांच्या आधी, दात घासतानाच मिळायचे.

अप्पांना एकच मुलगा, नारायण. त्याच्या हातात पायली द्यायची असं अप्पांच्या मनात, आणि त्याच्या मनात फक्त वर चढायचं आणि खाली उडी मारायची. मोंढ्यातल्या पोत्यांच्या थप्पीवरून भुशात, तालमीच्या छपरावरून मातीत, असा तो लहानपणापासून पडतच होता. एक दिवस एका फिरत्या सर्कस कंपनीच्या मागं गेला आणि मुंबईला पोचला. येणाऱ्याजाणाऱ्यांकडून कळलं, की त्याला सिनेमात काम लागलंय आणि काम पडायचं आहे. हिरोनं ठोसा मारला की पडायचं. घोड्यावरून, गच्चीवरून, सांगतील तिथून पडायचं. हे अप्पांना समजावून सांगताना मला घाम फुटला.

"म्हंजे पडल्याचा पगार?" अप्पांनी विचारलं.

"हो."

"आन् उभं राह्यल्याचा?"

"तो हिरोला."

अप्पांनी बराच वेळ मान हलवली. "पडायला मुंबईला जायची काय गरज व्हती? हितं रोज फुकटात पडत व्हता की."

त्या दिवशी त्यांनी घरात सांगून टाकलं, की या पोराचं नाव पुन्हा निघता कामा नये. भागाकाकूंनी, म्हणजे अप्पांच्या बायकोनं, ते तंतोतंत पाळलं. त्या नाव घ्यायच्या नाहीत, नुसतं 'तिकडलं' म्हणायच्या. भाकरी मोडताना म्हणायच्या, "तिकडलं जेवलं असंल का?" अप्पा ताटातून मान वर न करता म्हणायचे, "मला काय इचारती? तिकडं इचार."

मग लढाईच्या वर्षांत आमच्या टाकीजला तो जासूसी पिच्चर लागला. त्याचं छापील नाव भलं मोठं होतं. गाव त्याला नुसतं जासूस म्हणायचं. तिरप्या टोपीचा एक जासूस, त्याच्या मागं चोरांची टोळी, किंवा टोळीच्या मागं जासूस, आणि घटकेघटकेला मारामारी. त्या टोळीत पट्ट्यापट्ट्यांचा बनियन आणि डोक्यावर टोपी घातलेला एक गुंड होता आणि तो आपला नारायण होता. शेवटाला जासूस त्याला बुरुजावरून नदीत फेकतो, तो बुडतो आणि पाण्यावर नुसती टोपी तरंगत राहते. टाकीजमध्ये काय टाळ्या पडल्या. अप्पा अर्थातच आले नव्हते. गल्लीतली मंडळी धावत त्यांच्याकडं गेली, "अप्पा, काय पडलाय तुमचा नारायण." अप्पा दात कोरत म्हणाले, "पडला तर पडला." काकू मात्र जनान्यात, म्हणजे बायकांच्या भागात बसून तो पिच्चर बघून आल्या होत्या आणि तीन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत.

खरा घोटाळा पुढं झाला. काकूंचं माहेर केदारखेड्याचं. तिथली काही माणसं बाजाराला आली होती, त्यांनी जासूस बघितला आणि गावात जाऊन सांगितलं, की भागाबाईचा नारायण बुरुजावरून पडला, नदीत बुडाला, वर टोपी तेवढी आली. ही बातमी या ओट्यावरून त्या ओट्यावर जाता जाता तिच्यातला पिच्चर गळून गेला आणि नदी तेवढी शिल्लक राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाशी बैलगाडी उभी राहिली. काकूंचे भाऊ, भावजया, दोन चुलत्या. बायकांनी गाडीतून उतरताच गळा काढला. मेहुण्याच्या हातात फडक्यानं झाकलेली दुरडी, आणि दुरडीत पिठलं-भाकरी. ज्या घरात माणूस गेलं त्या घरात चूल पेटत नाही, म्हणून सोयऱ्यांनी आणायचा तो कडू घास.

अप्पा ओट्यावर लिंबाची काडी चघळत उभे होते. मेहुण्यानं त्यांना मिठी मारली. अप्पांना बोलताही येईना, कारण तोंडात काडी.

"दाजी, धीर धरा," मेहुणा म्हणाला.

"धरतो. पन कशापायी?" अप्पांनी काडी काढून विचारलं.

मग मी पुढं झालो आणि पिच्चर म्हणजे काय, पडणं म्हणजे काय, टोपी वेगळी आणि माणूस वेगळा, असं सगळं सांगितलं. मेहुण्याला पटलं. चुलत्यांना पटलं नाही. त्यांचं म्हणणं, पडताना दहा जणांनी बघितलं आणि बाहेर येताना कुणीच बघितलं नाही, तर पोर गेलं कुठं? काकू आतून आल्या, आधी हसल्या आणि मग हसता हसता रडायला लागल्या. त्या रडल्या म्हणून भावजया पुन्हा रडल्या. शेवटी अन्न वाया कसं घालवायचं म्हणून सगळ्यांनी ती पिठलं-भाकरी खाल्ली. अप्पांनी मात्र घासाला हात लावला नाही. ते उठून मोंढ्यात निघून गेले.

गल्ली हा किस्सा सांगून सांगून पोट दुखेपर्यंत हसली, मीही हसलो. पण अप्पांचं काहीतरी बिनसलं. त्या चुलत्यांचा प्रश्न त्यांच्या मनातून जाईना. त्यात त्या दिवाळीला नारायणाचा निरोप आला नाही. दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या तोंडी यायचा, खुशाल आहे म्हणून. त्या वर्षी नाही. आणि आमच्या दुकानात मुंबईचा एक व्यापारी सहज बोलून गेला, की तिकडं पिच्चर काढताना पडणारा एक माणूस खरंच गेला म्हणे. कोण, कुठला, ते त्याला माहीत नव्हतं. अप्पा तेव्हा दुकानात बसले होते. त्यांनी हातातलं पान तसंच ठेवलं आणि उठले.

त्यानंतर ओट्यावरचे निकाल बंद झाले. लग्नं झाली, कीर्तनं झाली, अप्पा कशालाच माप लावेनात. नाव काढायचं नाही असं स्वतःच सांगून बसलेला माणूस चौकशी करणार कुणाकडं आणि कोणत्या तोंडानं? काकू जो भेटेल त्याला विचारत होत्या. अप्पा जवळच उभे राहून दुसरीकडं बघत असायचे, पण उत्तर संपेपर्यंत हलायचे नाहीत. मला त्यांच्याकडं बघवत नसे.

असे महिने गेले आणि एक दिवस टांग्यात ढोल वाजवत जाहिरात आली. जासूसचा दुसरा भाग. मोटारी जास्त, मारामारी जास्त. दुपारी अप्पा माझ्या दुकानात आले आणि उगीच एक थान उलगडून बघू लागले.

"मुनीमजी, संध्याकाळी काय करून राह्यले?"

"काही नाही."

"मंग चला. तो जासूस काय काम करतो, जरा बघून येऊ."

घरी गेलो तर काकू नवं लुगडं नेसून दारात उभ्याच होत्या. त्यांनाही जासूसचं काम बघायचं होतं.

आमची टाकीज पत्र्याची. डावीकडं जनाना, आणि मधे जाड पडदा. दिवे गेले की तो पडदा सरकवायचा, दिवे आले की पुन्हा ओढायचा. हे काम आणि दरवाजावरचं काम, दोन्ही करीमभाईंकडं. अप्पा आयुष्यात पहिल्यांदा टाकीजमध्ये आलेले बघून त्यांनी आम्हाला अगदी पुढं बसवलं.

पिच्चर सुरू झाला तो जणू मागं कुत्रं लागल्यासारखा. मोटारीमागं मोटार, मोटारीतून बोटीत, बोटीतून दोरीवर. लोक बाकावर उभे राहून ओरडत होते. अप्पा एकटे त्रासलेले. "ह्याला येवढी जल्दी कशाची हाय?" त्यांचं म्हणणं बरोबरच होतं, कारण टोळीतल्या सगळ्यांनी तोंडाला काळे रुमाल बांधले होते. एकेका गुंडाला नीट निरखावं म्हणून अप्पा पुढं वाकले, की तेवढ्यात जासूस मधे यायचा आणि त्याला ठोसा मारून पार करायचा. "अरे सरक की बाजूला," अप्पा म्हणाले. जासूस सरकला नाही. एक जाडा गुंड, एक लंगडा, एक बुटका. अप्पांनी प्रत्येकाकडं बघून मान हलवली.

मध्यंतरात दिवे आले. जनान्याचा पडदा ओढला गेला. मी विचारलं, "कसा वाटतोय?"

"चिपटं," अप्पा म्हणाले. त्यांची नजर अजून समोरच्या रिकाम्या पडद्यावरच होती.

उत्तरार्धात आगगाडीच्या टपावर मारामारी लागली. गाडी पळतेय, वर जासूस आणि एक गुंड, दोघांची झोंबाझोंबी. जासूसनं त्याच्या तोंडावर हात घातला आणि रुमाल निघून आला. आत भल्यामोठ्या मिशा होत्या, आणि मिशांच्या वर नारायणाचे डोळे. मी अप्पांकडं वळलो, तर अप्पा उभे होते.

आणि तेवढ्यात जनान्यातून आवाज आला. भागाकाकू, ज्यांनी चार माणसांत नवऱ्याशी कधी शब्द बोलल्याचं मी बघितलं नव्हतं, अंधारात मोठ्यानं विचारत होत्या, "अहो, दिसला का? आपला नारायण हाय."

"दिसला," अप्पा तितक्याच मोठ्यानं म्हणाले. "नारायणच हाय. गप ऱ्हा, बघू दे."

मागून आरडाओरडा सुरू झाला. करीमभाई बॅटरी घेऊन आले. "अप्पा, बैठ जाव. पिच्छे के लोगां को कुछ नै दिख रा."

"करीमभाई, पोरगा हाय माझा. त्यो बघा."

करीमभाईंनी पडद्याकडं बघितलं. नारायण एका हातानं टपाला लोंबकळत होता. करीमभाईंनी बॅटरी विझवली आणि ते अप्पांच्या शेजारीच उभे राहिले. मग जासूसनं नारायणाच्या बोटांवर पाय दिला, तो पुलावरून खाली वाळूत गेला आणि उठला नाही. अप्पा तरीही उभेच. मागच्या बाकावर आमच्या गल्लीतल्या वकिलांचा कारकून बसला होता. तो म्हणाला, "हा तर मागच्या भागात बुडून मेला होता. परत कसा आला? ही सरळ चूक आहे."

अप्पा मागं वळले. "कोन मेल्ता? डोळ्यानं दिसून राह्यला ना तुला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर पुन्हा निकाल लागला. गल्ली जमली होती आणि बहुतेकांना पिच्चर आवडला नव्हता. धावपळ फार, गोष्टीला बूड नाही, मोटार बंगल्यातून निघते ती थेट नदीतच कशी पोचते, असं बरंच काही. कारकुनाचा मुख्य मुद्दा मेलेल्या गुंडाचा. अप्पांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं.

"मोटारी पायलीभर," ते म्हणाले. "मारामारी पायलीभर. आन् वरून शीग."

कुणाचा कानावर विश्वास बसेना. माझी बायको हातातली घागर घेऊन तशीच थांबली.

"पण अप्पा, मेलेला माणूस..." कारकून म्हणाला.

"मेलेला मानूस माघारी आला, यापरीस मोठी गोष्ट तुला कंची पायजे?"

कारकून वाईट माणूस नव्हता, पण शिकलेला होता. तो म्हणाला, "तसं नव्हे. पिच्चर आधी तयार होतो, मग वर्षानं आपल्याकडं येतो. दोन्ही भाग एकदमच काढले असतील. त्यावरून आजचं काय कळणार?"

अप्पांचा चेहरा उतरला. मला त्या कारकुनाला उचलून नदीत टाकावंसं वाटलं, टोपीसकट. पण अप्पा वरच्या ओठावर बोट फिरवत म्हणाले, "पहिल्यात मिशी न्हवती म्हनती ही. हितं हाय. येवढी मिशी यायला येळ लागतो. म्हंजे हे बुडल्याच्या नंतरचं."

या मिशीवर पुढं रोज खल झाला. पिच्चर गावात होता तोवर दोघं रोज जायचे, ते इकडं आणि त्या तिकडं. परत येताना भांडायचे. अप्पा म्हणायचे मिशी खरी. काकू म्हणायच्या, मिशी चिकटवलेली, पण नारायणाचे गाल बसलेत ते खरे. अप्पा म्हणायचे, उलट नारायण भरलाय. गाल, हात, मनगट, सगळ्याचं माप निघालं. ज्या घरात ते नाव वर्षानुवर्षं निघालं नव्हतं, तिथून ते आता भिंतीपलीकडच्यांनाही ऐकू यायला लागलं. मला तर वाटलं, आता काही कळो न कळो, एवढंही पुष्कळ झालं. पण नुसत्या मिशीवर किती दिवस काढणार? पिच्चर उतरला, टांगा दुसऱ्या पिच्चरची जाहिरात करत फिरू लागला आणि अप्पा पुन्हा गप्प झाले.

यातून वाट काढली करीमभाईंनी. मुंबईहून रिळांची पेटी घेऊन एक माणूस यायचा, जुनी पेटी घेऊन जायचा. करीमभाईंनी त्याच्या कानावर सगळं घातलं आणि चौकशी करायला बजावलं. पुढची पेटी आली त्या दुपारी ते टाकीजला कुलूप घालून स्वतः आमच्या गल्लीत आले. अप्पा ओट्यावर, काकू दाराआड.

"अप्पा, जिंदा है," करीमभाई बसायच्या आधीच म्हणाले. "वो गाडी पर से गिरा ना, उसमें पाँव टूटा. बहुत दिन खोली पे पडा था. शरम के मारे किसी को नै बोला. अब लकडी ले के चलता बोले."

काकू दारातच खाली बसल्या. अप्पांनी भिंतीला हात लावला.

"और एकच बात पूछा वो," करीमभाई म्हणाले. "अप्पा पिच्चर देखे क्या? देखे तो क्या बोले?"

अप्पा उपरण्यानं तोंड पुसून म्हणाले, "मी काय बोललो, ते त्याला कोन सांगनार?"

"खत लिखो ना. मुनीमजी लिखते."

"न्हाई," अप्पा म्हणाले. "त्यो मला इचारून राह्यला. मीच सांगतो."

बैलगाडीच्या पल्ल्यापलीकडं कधी न गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी मुंबईला निघाला. मनमाडला गाडी बदलायची हे, आणि करीमभाईंनी मिळवलेला खोलीचा पत्ता, मी त्यांच्याकडून वाटभर घोकून घेतलं. काकू भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन स्टेशनवर आल्या होत्या. अप्पा डब्यात चढून दारात उभे राहिले आणि काकूंनी खालून सांगायला सुरुवात केली.

"त्याला म्हनावं, पायाला तिळाचं तेल चोळत जा. गार पानी लावू नको. तिकडलं अन्न सोसत नसंल तर भाकरी कर म्हनावं. आन् पडायचंच असंल तर पड बाबा, आमचं काय न्हाई, पन मधी मधी घरी येऊन टेकत जा. आन् म्हनावं, आई रागावली न्हाई. आन् बाप..." त्या थांबल्या. "बापाचं तुमी सांगा."

अप्पा शाळेतल्या पोरासारखे ऐकत होते. गार्डानं शिट्टी दिली.

"येवढं समदं माझ्या ध्यानात न्हाई राहायचं," ते म्हणाले.

"मंग?"

"मंग तूच सांग." आणि त्यांनी हात पुढं केला.

काकूंनी माझ्याकडं बघितलं. "घर उघडं हाय. चुलीवर दूध ठिवलंय."

"मुनीमजी बघतील. चल जल्दी."

अंगावरच्या लुगड्यानिशी, पायात काही नाही, अशा काकू भर स्टेशनात नवऱ्याचा हात धरून डब्यात चढल्या. गाडी हलली. खिडकीतून त्या मला दुधाचं काहीतरी सांगत होत्या. सांगता सांगता मधेच मला विसरल्या आणि अप्पांकडं वळून नारायणाचं बोलायला लागल्या. गाडी वळणाआड जाईपर्यंत मला त्यांची पाठच दिसत होती.

अप्पांच्या घरी येऊन बघतो तर दूध उतू जाऊन चूल विझली होती. बायकोनं चूल सारवली. ते परततील तेव्हासाठी मी परसातून लाकडं आणून चुलीशी रचली, आणि दोघांच्या अंदाजानं न रचता तिघांच्या अंदाजानं रचली.